दादाच्या वॉटर स्कूटरची मॅट

मंडळी, सकाळपासून कशात लक्ष लागत नाहीये. कुणाला तरी सांगायलाच हवं.

ऐंशीच्या दशकात माझ्या थोरल्या भावानं भंगारातून उभ्यानं चालवायची वॉटर स्कूटर आणली आणि आमच्या इथल्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात दुरुस्त केली. ओला पाय घसरू नये म्हणून उभं राहायच्या जागी आम्ही रबरी मॅट चिकटवली, पंक्चरवाल्याच्या सोल्युशननं.

"बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाब," दादानं बजावलं होतं. मला कुठला धीर! डावी बाजू मी सोल्युशन ओलं असतानाच दाबली.

दुसऱ्याच दिवशी गंगापूर धरणावर दादा पडला. गुडघा कायमचा अधू झाला. "अरे, माझाच पाय घसरला," तो म्हणाला. मला वाटलं, डावी बाजूच सुटली असणार, हा मला सांभाळून घेतोय. मॅट उचलून बघायचीही माझी हिंमत झाली नाही. लाजेपायी त्याच्याकडे जाणंच कमी केलं.

गेल्या महिन्यात दादा वारला. "तुम्हीच घेऊन जा ती स्कूटर, भाऊजी. ते पडल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही," वहिनी म्हणाल्या. आज ठरवलं, निदान आता तरी नवी मॅट नीट चिकटवू. जुनी खरवडायला बसलो.

डावी बाजू निघेचना. सुरी घातली, पटाशी घातली. रबर फाटलं, पण तळाशी चिकटलेलं सुटलं नाही.

म्हणजे दादा खरंच सांगत होता.

इतकी वर्षं मी त्याला मोठ्या मनाचा मानत राहिलो, आणि त्याच्या शब्दावर मात्र विश्वास ठेवला नाही. तुम्हीच सांगा, हे आता कुणाला जाऊन सांगू?