दाबसरांचं दूध

दाबसरांचं आगीशी वाकडं होतं. चहा बशीत ओतून तो पार गार झाल्यावर पीत आणि वर म्हणत, "तापवलं की चव गेलीच म्हणून समजा." दुधाच्या बाबतीत तर ते फारच हळवे होते. जळकोटकडच्या आपल्या गावी लहानपणी गोठ्यात उभं राहून प्यायलेल्या धारोष्ण दुधाचं वर्णन ते करू लागले, की भौतिकशास्त्राचा तास चालू आहे हे आम्ही विसरत असू आणि तेही.

मी हिमायतनगरहून बारावीसाठी लातूरला आले आणि त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहिले. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. सर अशाच एका क्लासात शिकवत. बाकीच्या धड्यांचे तास खाऊन ते 'दाब' शिकवत, म्हणून पोरांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. रागावणं सोडाच, सरांना ते पदवीसारखं वाटे.

दाबाच्या या वेडामागे भूकंप होता. घर पडल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना त्यांच्या धाकट्याला कच्चं दूध बाधलं. पोर हातचं जाता जाता वाचलं. तेव्हापासून न तापवलेल्या दुधाचा थेंबही सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, घरात कुणाच्या ओठाला लागू दिला नाही. सरांनी त्याच धसक्यातून निराळाच ध्यास घेतला. दूध कच्चंच राहावं आणि त्यातले जंतू तेवढे मरावेत. प्रचंड दाबाखाली हे होतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

"चारी अंगानं सारखा दाब आला की दुधाला काई होत न्हाई," ते सांगत. "जंतूचं मात्र कंबरडं मोडतंय."

ओळखीच्या तेलगिरणीत एक जुना प्रेस पडून होता. सरांनी लेथवाल्याकडून जाड पोलादी नळकांडं करून घेतलं. त्यात पाणी, पाण्यात दुधाची पिशवी आणि वरून प्रेसचा दट्ट्या. पहिली पिशवी फुटली आणि सरांचा सदरा दुधानं न्हाला. पुढच्या खेपेला त्यांनी शेकायची रबरी पिशवी घेतली. ते दूध आमच्या मांजरानं हुंगलं आणि पुढे बरेच दिवस घराकडे फिरकलं नाही. "मांजराला विज्ञान कळत न्हाई," सर म्हणाले आणि पुन्हा गिरणीची वाट धरली.

मग ऐन उन्हाळ्यात जमलं. सकाळी दाबून आणलेलं दूध सर स्वयंपाकघरात झाकून ठेवत, शेजारी साधं कच्चं दूध ठेवत आणि क्लासला जात. संध्याकाळी पाहावं तर साधं नासलेलं आणि दाबलेलं ठणठणीत. रोज हाच प्रकार. पुरती खात्री होईतो चव कुणी घ्यायची नाही, अशी सक्त ताकीद होती. ती त्यांनी स्वतःही पाळली. वास तेवढा घेत, पण तपकिरीनं त्यांचं नाक केव्हाच निकामी केलेलं.

खात्री झाल्यावर सरांनी क्लासचे मास्तर आणि डेअरीतले एक साहेब यांना घरी बोलावलं. सरांनी नवा झब्बा घातला होता. पेले भरले. साहेबांनी घोट घेतला आणि त्यांच्या मिशीला साय लटकली.

"सर," मिशी पुसत साहेब म्हणाले, "न तापवलेल्या दुधाला अशी साय येती का?"

सर स्वयंपाकघराकडे बघू लागले. काकू दारात पदर बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"साधं कच्चं हाय हे लेकराला ठावं. पण हे चांगलं म्हणून त्यानं पिलं असतं तर?" त्या हळूच म्हणाल्या. "मी तर रोजच तापवून राहिले. आज गाळायचं राहून गेलं."

सर खुर्चीत बसले. एवढे थकलेले ते मला कधी दिसले नव्हते. मग त्यांनी आपला पेला उचलला, सायीसकट रिकामा केला आणि म्हणाले, "प्या साहेब, बिनघोर प्या. खात्री माझी न्हाई, हिची हाय."

काकूंना ते एका वाकड्या शब्दानं बोलले नाहीत. पुढच्या बॅचपासून ही फजिती ते स्वतःच वर्गात रंगवून सांगू लागले, साहेबांच्या मिशीसकट. पोरं हसून लोळत. नळकांडं मात्र त्यांनी मोडीत घातलं नाही.

घरच्यांना मला डॉक्टर करायचं होतं. मी दुग्धतंत्राला गेले ते सरांमुळे. बऱ्याच वर्षांनी, नोकरीच्या निमित्तानं, दाबानं दुधातले जंतू मारणारं खरं यंत्र मी पाहिलं. लागतो त्या दाबाच्या पासंगालाही आमचा प्रेस पुरला नसता, पण सरांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. त्या यंत्रातली एक बाटली बर्फात घालून मी लातूर गाठलं. ती आमची शेवटची भेट.

सर अंथरुणाला खिळले होते. बाटली त्यांनी छातीशी धरली.

"तापवलं न्हाई नं?"

"नाही सर."

"आन् जंतू?"

"मेले. तपासूनच आणलंय."

मी पेला भरला. सरांनी तो काकूंपुढे केला. "आधी तू."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग गॅसकडे, मग सरांकडे. डोळे मिटून औषध घ्यावं तसा त्यांनी एक घोट घेतला.

"कसं लागतंय?"

काकूंनी तोंड वाकडं केलं. "कच्चं लागतंय की हो."

सर ठसका लागेपर्यंत हसले. मग उशीला टेकले, डोळे पुसले आणि मला म्हणाले, "ऐकलंस का पोरी? कच्चं म्हणून राहिली ती. झालो मी पास."