थोरल्या जावयाची कुपी

माझ्या साडूचा आवाज बारीक आहे, हे आधीच सांगून ठेवतो. फोनवर बोलला की एखादं गिऱ्हाईक भाव कमी करा म्हणून कुरकुरतंय असं वाटतं. मंठ्याकडच्या एका गावात तो शाळेवर मास्तर आहे. माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, अंगाने काटकुळा. मेहुणीने याच्यात काय पाहिलं, हा प्रश्न मी त्यांच्या लग्नाच्या मांडवातच बायकोला विचारला होता. तिने मला जेवून घ्यायला सांगितलं.

हे एवढ्यासाठी सांगतोय की ज्याच्यावर जळायचं तो माणूस निदान जळण्याच्या लायकीचा तरी असावा. माझा साडू तसा नाही. तरी मी त्याच्यावर जळलो, आणि थोडाथोडका नाही, चांगला दुपारभर जळलो.

यंदा धोंड्याचा महिना ऐन पेरणीच्या तोंडावर आला. मस्तगडला माझं बी-बियाणांचं दुकान आहे. त्या दिवसांत सरकीच्या बियाण्यासाठी सकाळपासून माणसं पायरीवर बसून असतात. पण सासरवाडीचं बोलावणं आलं की मी दुकान भावाच्या हवाली करतो आणि बायको-मुलीला घेऊन जाफराबादची एसटी पकडतो. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. एरवी जावयाला दहावा ग्रह म्हणतात, पण त्या एका महिन्यात देवपण मिळतं, ते मी का सोडू? सासूबाई पाय धुतात, ओवाळतात, अनारशांचं वाण देतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढतात. पहिली पंगत जावयांची. लेकी, नातवंडं, घरचे सगळे मागून. थोरला जावई म्हणून माझा पाट देवघराला लागून, धाकट्याचा त्याच्या पलीकडे. ओवाळणी आधी मला. तूप आधी मला. यंदाही तसंच झालं आणि तिथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

जेवणं उरकली, सासरे आतल्या खोलीत आडवे झाले. आता माझं राज्य सुरू होणार होतं. त्या घरात धोंड्याच्या जेवणानंतर मेंढीकोट होतो आणि मी व माझी मुलगी जोडीदार असतो. ती बारा वर्षांची आहे. आठ वर्षांची होती तेव्हा मी तिला हुकूम कसा लपवायचा ते शिकवलं. मी नुसती भुवई हलवली तरी तिला कळतं की माझ्याकडे दश्शी आहे. गेल्या वर्षभरात ती घरी माझ्याशी फारशी बोलत नाही. विचारलं तर "काही न्हाई पप्पा" म्हणते आणि मोबाईल घेऊन गच्चीवर जाते. पण पत्ते हातात आले की ती माझी असते. खरं सांगायचं तर देवपण वगैरे ठीक आहे, पण मी जाफराबादला त्या मेंढीकोटासाठी गेलो होतो.

मी खिशातून पत्त्यांचा कॅट काढला. तेवढ्यात साडूने पिशवीतून एक खोका काढला.

"दादा, आज हे खेळून बघू या का?"

खोक्यातून एक मोठा पुठ्ठा निघाला, त्यावर किल्ला आणि किल्ल्याखालची भुयारं. लाकडी बाहुल्या, फासे, पत्त्यांचा गठ्ठा. पत्ते इंग्रजीत होते, पण प्रत्येकावर त्याने मराठी चिठ्ठी चिकटवली होती. शाळेत शनिवारी तो आईबापांना मुलांसोबत बोलावतो आणि हा खेळ मांडतो, असं मेहुणी कौतुकाने सांगत होती. पालकसभेला कधी न फिरकणारे बापे आता आपण होऊन येतात म्हणे. मास्तरला पगार याचाच मिळतो का, असं माझ्या ओठावर आलं होतं. बायकोने माझ्याकडे बघितलं, म्हणून गिळलं.

साडूने खेळ समजावला. राक्षसाने किल्ल्याखाली गावाचं पाणी अडवलंय. आपण सगळे मिळून भुयारात उतरायचं आणि झडप उघडून पाणी सोडायचं. प्रत्येक फेरीला एक मशाल विझते. शेवटची मशाल विझायच्या आत पाणी सुटलं तर सगळे जिंकले, नाही सुटलं तर सगळे हरले.

"म्हणजे एकमेकांविरुद्ध खेळायचंच न्हाई?" मी विचारलं.

"न्हाई दादा. सगळे एका बाजूला."

"मग मजा काय?"

यावर माझ्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. ती उठली, माझ्या शेजारून पलीकडे गेली आणि साडूला खेटून बसली. पत्ते माझ्या हातातच राहिले.

तिने तिरंदाज घेतली. बायकोने तलवारवाली, मेहुणीने चेटकीण. सासूबाईंना वैदीण दिली, तिच्याकडे औषधाच्या तीन कुप्या. साडू स्वतः लंगडा वाटाड्या झाला आणि गोष्ट सांगायचं कामही त्याच्याकडेच. मी म्हटलं, मी बघतो नुसता. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "असं कसं जावईबापू? थोरल्यांनी न्हाई खेळायचं तर मंग आम्ही कशाला खेळावं?" म्हणून मी गदावाला मल्ल झालो. उरला होता म्हणून.

साडू म्हणाला, "आता आपण आपण न्हाई. जे घेतलंय तसं बोलायचं." आणि त्याने गोष्ट सुरू केली. काय सांगू, तो बारीक आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. पंखा बंद केला नव्हता, खिडकीतून ऊन येत होतं, शेजारचा मिक्सर चालू होता, आणि तरी आम्ही भुयारात होतो. तो म्हणाला, "पाणी टिपटिप वाजतंय. पुढं दोन वाटा. तिरंदाज, तू काय करतेस?"

आणि माझी मुलगी बोलायला लागली. "मी आधी भिंतीला कान लावते," ती म्हणाली. "मी लहानपणी जंगलात एकटी राह्यलेय, मला पाण्याचा आवाज बराबर कळतो." साडू विचारत गेला आणि ती सांगत गेली. तिच्याकडे एक कोल्हा होता म्हणे, तो मेला. ती अंधाराला घाबरत नाही, पण तिला कुणी मागून हाक मारलेली आवडत नाही. वर्षभरात माझ्याशी बोलली नसेल एवढं ती त्या तासाभरात त्याच्याशी बोलली. तो फक्त विचारत होता, "मंग? पुढं?" एवढंच. मलाही विचारता येतं की. मी काय मुका आहे?

माझ्या पोटात दुखायला लागलं. धोंडे जास्त झाले म्हणून नाही.

बायको तर तलवार घेऊन अशी सुटली की मी बघतच राहिलो. "हटा, मी पुढं जाते," असं ती मोठ्याने म्हणाली. घरी दूधवाल्याशी बोलायचं तरी ती मला पुढे करते. दोघी बहिणी टाळ्या देत होत्या. मी खेळात खोडी काढायला लागलो. फासा हलका आहे, पुठ्ठा वाकलाय, राक्षसाला एवढीच कामं आहेत का. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला तेव्हाही कळत होतं, पण कळून काय उपयोग? जीभ थांबत नव्हती.

मग साडूचा वाटाड्या एका सापळ्यात सापडला आणि जखमी झाला. सासूबाईंनी लगेच एक कुपी उचलून त्याच्या बाहुलीपुढे ठेवली. "घ्या जावईबापू, आधी औषध घ्या." अगदी तूप वाढावं तशी ठेवली.

तुम्हाला हसू येईल, पण ती कुपी माझ्या काळजाला लागली. इतकी वर्षं त्या घरात पहिली वाढ मला झालेली आहे. धाकट्याला आधी आणि मला नाही, असं एकदाही झालेलं नाही. मी आपला मल्ल उचलला आणि पुठ्ठ्यावर जिथे विंचवांचं बीळ दाखवलं होतं त्या घरात सरळ नेऊन ठेवला.

"पप्पा, तिकडं कशाला?" मुलगी म्हणाली. "तिकडं काहीच न्हाई!"

"बघून येतो," मी म्हटलं.

विंचू चावले. सासूबाई कळवळल्या आणि दुसरी कुपी माझ्यापुढे आली. मी साडूकडे बघितलं. तो मशाल विझवत होता, त्याचं लक्षही नव्हतं. माझं औषध वाया गेलं असंच मला वाटलं.

शेवटच्या दालनात आम्ही पोचलो तेव्हा एकच मशाल उरली होती. झडपेचा दोर दरीच्या पलीकडे होता. तिथे तलवार पोचत नव्हती, गदा पोचत नव्हती, जादू संपली होती. दोर तोडायचा तर बाणानेच. हे साडूने दोनदा सांगितलं. पण राक्षसाचा फटका माझ्या मुलीला बसला होता आणि तिची तिरंदाज आडवी पडली होती. त्याच फटक्याने मल्लालाही ओरखडा आला होता. सासूबाईंकडे कुपी एकच.

मुलगी गुडघ्यावर बसली होती. डोळे पुठ्ठ्यावर, ओठ दाताखाली. तिला ते पाणी सोडायचंच होतं. मी तिला शाळेच्या निकालाच्या दिवशीही इतकी घाबरलेली पाहिली नव्हती.

सासूबाईंनी कुपी उचलली. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि कुपी माझ्या मल्लापुढे ठेवली.

"आजी!" मुलगी ओरडली. "मी मरून राह्यले ना!"

"तू घरचीच हाईस गं," सासूबाई म्हणाल्या. "घरचे मागून. आधी थोरले जावई. धोंड्याचा महिना हाय, पाप लागंल मला."

मेहुणी हसायला लागली. बायको म्हणाली, "अहो, देऊन टाका तिला."

साडू म्हणाला, "आई, तुम्ही दिली म्हणजे दिली. आता ठरवायचं मल्लाने. दादा, कुपी तुमच्या हातात आहे. तुम्ही ती तिरंदाजला पाजू शकता, न्हाई तर स्वतः पिऊ शकता. काय करता?"

दिवसभरात पहिल्यांदाच त्याने तो प्रश्न मला विचारला होता. काय करता. मला त्या वेळी काय दिसलं ते सांगतो. मला पुठ्ठा दिसला नाही, मुलगी दिसली नाही. मला दिसलं की दोन जावई समोरासमोर बसलेत, घरातली शेवटची कुपी आहे, आणि सासूबाईंनी ती सगळ्यांदेखत माझ्यापुढे ठेवलीय. त्याच्यापुढे नाही. आणि तो मला सांगतोय की ती देऊन टाकता येते.

"पिली," मी म्हटलं. "मानाने दिलेलं परत करत नसतात."

साडूने शेवटची मशाल पालथी घातली.

सासूबाई म्हणाल्या, "मंग? जिंकलं कोण?"

"कुणीच न्हाई, आई. सगळे हरलो."

"असं कसं? जावयांना तर काहीच झालं न्हाई!"

यावर सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने. मुलगी हसली नाही, रडलीही नाही. रडली असती तर मला समजूत तरी घालता आली असती. तिने आपली तिरंदाज उचलून खोक्यात ठेवली, वाणाच्या ताटातला एक अनारसा घेतला आणि म्हणाली, "काका, परत लावा ना."

तो पत्ते पिसायला लागला. "या वेळी कोण व्हायचंय?"

"राजकन्या. पण महाल सोडून आलीय."

"का सोडला?"

"काही न्हाई," ती अनारसा चावत म्हणाली. "तिथं सगळं आधी राजाला लागतं."

तिने ते रागाने म्हटलं नाही. राजकन्येबद्दल जे सांगायचं ते सांगितलं, एवढंच. बायकोने पदराचं टोक सारखं केलं. सासूबाई म्हणाल्या, "राजाला आधी लागणारच की." मी साडूकडे बघितलं. तो एकदा तरी माझ्याकडे बघेल, एकदा तरी हसेल, म्हणजे मला त्याचा राग करायला मोकळं होता येईल, याची मी वाट बघत होतो. त्याने मान वर केली नाही. एवढं सांभाळून त्याने माझ्याकडे बघणं टाळलं, की त्या दिवशी त्याने केलेल्या सगळ्या गोष्टींत ती एकच मला सहन झाली नाही.

"बरं," तो तिला म्हणाला. "राजकन्ये, महालाच्या दारातून तू बाहेर पडलीस. मागं वळून बघतेस का?"

तिने विचार केला. मी समोरच होतो, हात लांबवला तर तिच्या खांद्याला लागला असता.

"न्हाई," ती म्हणाली.