काकूला कोणी विचारले होते?

मित्रहो, आज दुपारी धाकट्या भावाने त्याच्या मुलीला, मेधाला, मांडवीतल्या माझ्या घरी पाठवले. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ओळख झालेल्या सहकाऱ्याशी तिला लग्न करायचे आहे. भाऊ आधीच फोनवर म्हणाला होता, "दादा, जन्मभर समाजशास्त्र शिकवलंस, आता एका मुलीला समजाव. नाहीतर रविवारी गावी जाऊन देवाला कौल लावतो."

मी मुद्देसूद मांडणी केली. माणूस जोडीदार निवडतो तो बहुधा जवळपासच्यांतून आणि स्वतःसारख्यांतून. रोज एकच बस, कामाची एकच पाळी. यात निवड थोडी आणि सहवास अधिक.

मेधा हसली. "काय हो काका! तुम्ही तर लग्नाआधी काकूला पाहिलंही नव्हतंत. मग तुमचं कसं जमलं?"

"ग्रामदेवतेला कौल लावला होता. मूर्तीला चिकटवलेली उजवीकडची कळी पडली, म्हणजे होकार."

"तो देवाचा. काकूला कोणी विचारलं होतं?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मीही तिला विचारले नाही. तिला जाऊन दोन वर्षे झाली. मेधाच्या प्रश्नाने मला दुःख झाले असे लिहिणे अचूक ठरणार नाही. काहीच वाटले नाही. अजूनही वाटत नाही.

मेधा गेल्यावर भावाला फोन केला. "कौल लावू नकोस. जिला विचारायचं, तिने उत्तर दिलं आहे."

"म्हणजे तूही तिच्याच बाजूचा?"

"हो."

आपल्यापैकी किती जणांनी हा प्रश्न घरी विचारला आहे? उत्तर देणारी व्यक्ती अजून घरात असेल, तर आजच विचारावा.