फोन हजर, मी गैरहजर

चाकणच्या आमच्या कारखान्यात फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवल्याशिवाय आत सोडत नाहीत. शिफ्टभर मी मशीनवर आणि फोन गेटवर. त्यामुळे गेटसमोरच्या चौकात दगडफेक झाली, तेव्हा टॉवरच्या नोंदीत माझा नंबर तिथं हजर होता आणि मी नव्हतो.

"नंबर तिथंच होता की," पोलीस चौकीतले तरुण साहेब म्हणाले.

"मग त्यालाच विचारा, साहेब. मी बाहेर थांबतो. हवं तर माझी हजेरी तपासा."

हवालदार हसला. साहेब हसले नाहीत.

"हजेरी बघूच. काका, आधी फोन उघडा."

इथं माझी मजा संपली. फोनमध्ये आमचा ग्रुप होता, कारखान्यात युनियन काढू पाहणाऱ्यांचा. निम्मे कंत्राटी. नावं फुटली असती तर दुसऱ्या दिवशी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं असतं.

आमच्या घरी बैठकीच्या खोलीत बुद्धांच्या तसबिरीशेजारी संविधानाची प्रास्ताविका लावलेली आहे. वडील कंपनीतून आले की ती माझ्याकडून पाठ म्हणून घ्यायचे. त्या जोरावर मी छाती पुढे काढली. "कलम एकवीस, साहेब! खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. लेखी आदेश दाखवा, उघडतो."

आवाज थेट नाटकातला लावला होता.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "जा. आदेश घेऊनच बोलावतो."

दुसऱ्या दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर मी सगळा प्रवेश करून दाखवला, साहेबांच्या भुवयांसकट. आमच्या ग्रुपमधला एक गाववाला रात्रपाळी करून निघाला होता. त्यानं चहा खाली ठेवला.

"फोन उघडलाच न्हाई?"

"नाही."

"मग सोडला कसा तुला?"

टपरीवरचे सगळे माझ्याकडे वळले.

"दाखव बरं फोन. काय काय दिलंस ते बघू दे आमाला." त्यानं हात पुढे केला, अगदी साहेबांसारखा.

"भावा, लेखी आदेश आहे का?"

कालचंच वाक्य. मघाशी नकलेत त्यावर सगळे हसले होते, आता कोणी हसलं नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी माझा अंगठा हलेना. भोंगा झाला, तसा मी फोन बंदच लॉकरमध्ये टाकून आत गेलो.

शिफ्ट सुटल्यावर उघडला, तर ग्रुपमधून मला काढलेलं. जुने मेसेज आणि सगळी नावं मात्र अजून माझ्याच फोनात आहेत. हल्ली गेटबाहेर आलो की मी आधी चौकीकडे बघतो, मग टपरीकडे.