तेलरंगाखालची कमान

दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आईची नजर वर्षभरात जाईल. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "मला नाशकाचं चर्च दाखव." पुढच्याच शनिवारी सकाळी पुण्याहून एसटीने निघालो.

प्रवास पाच-सहा तासांचा. बरोबर वयस्कर माणूस असेल तर संगमनेरला उतरवून पाय मोकळे करू द्या, पुढे कंबर धरते. सिन्नर आलं तशी आई बोलायला लागली. आमचं मूळ गाव तिथलंच. माझे वडील पाथरवट होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा चर्चच्या घंटाघराखालची कमान खचली आणि ती नव्याने रचायचं काम त्यांना मिळालं. आई त्यांच्या हाताखाली चुन्याच्या पाट्या वाहायची.

"डाव्या अंगाचा तिसरा दगड त्यांनी माझ्यासमोर घडवला," ती म्हणाली. "लय दिवस लागले त्या एका दगडाला."

वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

नाशकात रिक्षाचं भाडं आधीच ठरवून घ्या. चर्च इंग्रजी अमलातलं, लष्करातल्या कॅथलिक कुटुंबांसाठी बांधलेलं. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या अजून जागच्या जागी आहेत, वर मंगळुरी कौलं, टोकदार खिडक्यांच्या रंगीत काचांमधून फरशीवर निळा-तांबडा उजेड. सकाळी जाल तर जास्त चांगलं दिसेल. भिंती काळ्या दगडाच्या, असं आई वाटभर सांगत आली होती. समोर सगळं क्रीम रंगाचं होतं.

आई कमानीपाशी गेली आणि डाव्या बाजूने खालून वर चाचपत राहिली. सगळीकडे गुळगुळीत प्लास्टर, त्यावर तेलरंग.

"सांधा कुठं लागत नाय गं," ती म्हणाली.

चर्चची देखभाल करणारे काका बाकं पुसत होते. मी त्यांच्यावर आवाज चढवला. असल्या जुन्या दगडावर कोणी सिमेंट थापतं का?

ते शांतपणे म्हणाले, "ताई, पावसाळ्यात भिंती पाझरायच्या. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला म्हातारी माणसं ओल्या बाकांवर बसायची. सांध्यात चुना भरणारा माणूस आम्ही वर्षभर शोधला. मिळाला नाही."

"कधी केलंत हे?"

"तीन वर्षं झाली."

आई पाच वर्षांपासून इथे यायचं म्हणत होती. कधी माझी बदली आडवी आली, कधी मुलाची दहावी. एकदा तर फक्त कंटाळा.

काकांनी आईला खुर्ची दिली. ती बसली नाही. "चुना मला मळता येतो," ती त्यांना म्हणाली. "किती दिवस भिजवायचा, गूळ किती घालायचा, समदं ठावं हाय. कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

काका माझ्याकडे बघत राहिले. मला खाली बघावं लागलं.

संध्याकाळच्या बसने परतलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, तेव्हा आईने कमानीचं रसभरीत वर्णन केलं, काळाभोर दगड, केसही जाणार नाही असे सांधे. काकूंनी फोटो मागितले. माझ्या मोबाइलमध्ये क्रीम रंगाची भिंत होती. नीट आले नाहीत, असं मी सांगितलं.