सत्तर पानांचा पुडा

आमच्याकडे मे महिना म्हणजे तेंदूपत्ता. बिडीची पानं तोडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावाबाहेर पुडे मोजून घेतात त्या मोकळ्या जागेवर, ओळीत मांडायचे. ठेकेदाराचा मुंशी ओळीतला कुठलाही एक पुडा उचलतो, सोडतो, मोजतो. पान कमी निघालं की अख्खी ओळ बाजूला. म्हणून नवी सून घरात आली की तिचा स्वयंपाक नंतर बघतात, आधी मोजणी बघतात. माझी मोजणी चांगली होती. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसण्याचा माझा स्वभाव नाही.

मग एक वर्ष असं आलं की मी माझी राहिलेच नाही. कारण विचारू नका, मलाच ते सापडलं नाही. छातीत सारखी धडधड, झोप नाही, घास उतरत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दाराची कडी. जंगलात जायला निघालं की गावच्या बोडीजवळ, म्हणजे छोट्या तळ्याजवळ, पाय अडायचा. कडी लावली का? परत जायचं, बघायचं, तर कडी लावलेलीच. पुन्हा निघायचं, पुन्हा बोडीजवळ तेच. असं तीन-चारदा. सासू बोडीच्या पाळीवर उभी राहून माझी वाट बघायची आणि बाकीच्या बायका हसत पुढे जायच्या. त्या वर्षी माझ्या पुड्यात कधी सदुसष्ट पानं, कधी बहात्तर. आमच्या दोन ओळी बाजूला पडल्या, तेव्हा सासूने माझ्या हातातली पानं काढून घेतली.

"तू नुसते बांध. मोजतो आमी."

बांधणं आमच्याकडे शाळकरी पोरीही करतात. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

पण तालुक्याच्या दवाखान्यात मला नेलं ते तिनेच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, रोजचं एखादं काम पूर्ण लक्ष देऊन करा, भांडी घासताना फक्त भांडी घासा. माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "बाई, भांडी घासताना मी का नांगर हाकतो का?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हात भांड्यावर असतो. मन कुठे असतं?" ते खरं होतं, आणि खरं ऐकलं की मला आणखी राग येतो.

त्या रागातच सुरू केलं. राख खरखरीत, पाणी गार, हात गंजाच्या, आमच्या मोठ्या पातेल्याच्या, काठावरून फिरतो आहे. मन कडीकडे पळायचं. पळालं की त्याला मारून-मुटकून आणायचं नाही. गेलंस का, बरं, ये आता, एवढंच म्हणायचं आणि पुन्हा गंज. पहिल्या दिवशी एखादं ताट तेवढं नीट घासलं असेल. मग झाडू, मग तांदूळ निवडणं. कडीचंही तेच केलं. बोटांना गार लोखंड लागू द्यायचं, खट् आवाज ऐकायचा, मगच पाऊल उचलायचं. घाईत लावलेली कडी आठवत नाही हो, बघून लावलेली आठवते. चारदाचं एकदा झालं. गोळ्या चालूच होत्या. वाईट दिवस येत होते, अजूनही येतात.

पुढच्या मे महिन्यात सासूसमोर जाऊन बसले.

"आत्याबाई, पानं द्या इकडे."

"चुकली त पूर्ण ओळ जाईन."

"मले मोजू द्या."

तिने ढीग माझ्याकडे सरकवला. मी एकेक पान हातात घेतलं, त्याची शीर बघितली, पाठ चाचपली आणि आकडा म्हटला. मन उठून गेलं की पान खाली ठेवायचे आणि तो पुडा पहिल्यापासून मोजायचे. इतरांचे दहा व्हायचे तेव्हा माझे सहा. पण सहा म्हणजे सहा.

संध्याकाळी मुंशीने नेमका माझाच पुडा उचलला. भराभर मोजून म्हणाला, "एकोणसत्तर. ओळ बाजूले करा."

सासूने मान खाली घातली. मागच्या वर्षीची मी असते तर तिथेच बसकण मारली असती. तेव्हा मला स्वतःच्या दाराच्या कडीचा भरवसा नव्हता.

"भाऊ, परत मोजा," मी म्हटलं.

"मले मोजता येत नाई का?"

"येते. पण तुमी घाईत मोजले. सत्तर हायेत, मी पाह्यले हायेत."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तो चिडला, पण खाली बसला आणि आता सावकाश मोजू लागला. चाळिशीच्या पुढे दोन पानं एकमेकांना चिकटलेली निघाली. सत्तर भरली. त्याने पुडा ओळीत ठेवला आणि पुढे गेला. मला त्याची शाबासकी नकोच होती. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी निघालो. बोडीजवळ सासू सवयीने पाळीवर उभी राहिली. मी चालतच राहिले. थोडं पुढे गेल्यावर वळून पाहिलं, तर ती अजून तिथेच.

"थांबून राह्यल्या काऊन?" मी विचारलं.

"कडी?"

"लावली."

ती पाळीवरून उतरली आणि माझ्या मागे चालू लागली.