थर्माकोलच्या पेटीतला लॅपटॉप

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याजवळच्या एका गावात इस्तारीची डिंपल घरी बसून पुण्याच्या कंपनीत नोकरी करते, याचं सगळ्यांना भारी अप्रूप. इस्तारी तलावात जाळं टाकणारा, त्याची बायको गोकुळा आसपास वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांत मासळी विकणारी, आणि पोरगी मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून इंग्रजीत बोलणारी. कंपनीचं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकणं, हे तिचं काम.

तो उन्हाळा फार ओढाताणीचा गेला. टीममधली माणसं सोडून गेली, त्यांचंही काम डिंपलने अंगावर घेतलं. रविवार राहिले नाहीत. मामेबहिणीच्या हळदीला ती मांडवात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. बायका गालाला हळद लावून गेल्या तरी तिची मान वर झाली नाही. "तुझ्यामुळे निभावलं," असं मॅनेजर आदेश सर दरवेळी म्हणायचे.

एका सकाळी त्याच आदेश सरांनी व्हिडिओ कॉल लावला. सोबत एक अनोळखी मॅडम होत्या. त्याच बोलल्या. कंपनी खर्च कमी करतेय, तुमची नोकरी आजपासून संपली, कामाबद्दल तक्रार नाही. आदेश सरांचा कॅमेरा बंद होता.

"काही विचारायचंय?"

"कालचं टेस्टिंग अर्धवट राहिलंय," डिंपल म्हणाली. "कोणाकडे देऊ?"

कॉल संपला. थोड्या वेळाने लॅपटॉपने तिचा पासवर्ड घेणं बंद केलं.

आता रडू येईल म्हणून ती वाट बघत बसली. आलं नाही. आईने हाक मारली तशी ती जेवायला गेली आणि भात कालवता कालवता, नळ गेला असं सांगावं तसं म्हणाली, "माय, मले कामावरून काढलं."

"काऊन? तू तं सुट्टीबी नाई घेत होती!"

"खर्च कमी करून राह्यले म्हणते."

इस्तारीचा घास हातातच राहिला. मग त्याने तो खाल्ला.

कंपनीने लॅपटॉप परत मागितला. गावात कुरिअर येत नव्हतं, गडचिरोलीला नेऊन द्यावा लागणार होता. इस्तारीने मासळी पाठवायची थर्माकोलची पेटी धुतली, वाळवली, तळाशी भाताच्या पेंढ्याची तणस अंथरली आणि लॅपटॉप चादरीत गुंडाळून आत ठेवला.

"वास येते, बाबा."

"येऊ दे. तुटला नाई पाहिजे. नाईतर म्हणतीन, पोरीनं नीट नाई वापरला."

कुरिअरवाल्याने पेटी हुंगून पाहिली आणि पावती फाडली. परतीच्या एसटीत डिंपलला आपले मोकळे हात कुठे ठेवावे ते समजेना.

मग ती आईसोबत बाजारात बसू लागली. एकदा तिथेच फोन आला. जुन्या टीममधली दीपाली होती. "सॉरी गं, तू बनवलेली बिलिंगची टेस्ट चालतच नाहीये. कोणाला काही कळत नाही."

रोहूचे खवले काढता काढता डिंपल सांगत गेली: फाइल कुठे आहे, आधी काय चालवायचं. आवाज अगदी कामावरचा. समोरची गिऱ्हाईक बाई पिशवी उघडून थांबली होती.

"परत घेतलं का कामावर?" फोन ठेवल्यावर गोकुळाने विचारलं.

"नाई."

"मंग काऊन सांगून राह्यली?"

डिंपलने विचार केला. "तिनं इचारलं म्हणून."

गोकुळाने पुढचा मासा पाटावर आपटला. राग यायला हवा, हे डिंपललाही समजत होतं. पण आत कुठे तो हाताला लागत नव्हता. पुढे दीपालीचा फोन पुन्हा आला तेव्हा ती तो वाजताना ऐकत राहिली. ठरवलं असं काही नव्हतं. हात ओले होते, एवढंच.

पावसाळा सरता सरता तिला मुलचेऱ्यात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं. पोरं संध्याकाळी निघून जात, तरी ती खुर्चीतच बसून राही. शेवटी क्लासचे मालक धनराजभाऊ दाराशी येऊन म्हणत, "मॅडम, झाली ना सुट्टी. घरी नाई जात का?"

"हो, जाते," असं म्हणून ती पंखा बंद करायची.